बहुधाला सही नाही

माणसं भेटली की 'बरं हाय का?' विचारतात. तात्या विचारायचे, "आज काय मोडलं?" दारात आलेल्या सोयऱ्यालाही हेच. सोयरा बिचारा वळून आपल्या गाडीकडे बघायचा. साखर कारखान्यात मिलच्या पाळीवर उभं आयुष्य काढलेला हा माणूस. रोज काहीतरी मोडतंच, यावर त्यांची देवाइतकी श्रद्धा होती. काही मोडलं नाही म्हणणाऱ्याकडे ते संशयानं बघत.

मी नववीत असताना भवानीनगरजवळच्या आमच्या शाळेतल्या चार मुलींचा रोबोट बारामतीच्या स्पर्धेला निघाला. तिथं एक वेगळं बक्षीस होतं, ते संघाच्या नोंदवहीला आणि परीक्षकांपुढच्या मुलाखतीला. ते मिळालं तर थेट पुण्याची फेरी. आमचा रोबोट चेंडू उचलण्यापेक्षा सांडण्यात तरबेज, त्यामुळे सगळी भिस्त याच बक्षिसावर. नोंदवही म्हणजे प्रयोगवही नव्हे, एवढं आमच्या विज्ञानाच्या बाईंना कळलं आणि त्यांनी शाळेशेजारच्या तात्यांना बोलावून आणलं.

तात्यांनी पहिल्याच दिवशी कारखान्याचे कायदे लावले. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. काय मोडलं, का मोडलं आणि कुणाच्या हातून, ते त्याच दिवशी लिहायचं. मग ते चष्मा पुसून पान वाचत, खाली 'पाहिले' लिहीत आणि सही करत. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे होती. पाठवायच्या आधी सगळी नीट उतरून काढते, असं मी म्हणाले, तर त्यांनी वही छातीशीच धरली. "पाळी बदलली की येणाऱ्याला तू दिसत न्हाईस पोरी, तुझी वही दिसती. ग्रीस लागलेलीच दे."

मुलाखतीच्या सरावाला तेच परीक्षक व्हायचे. बादली पालथी घालून बसायचे आणि आम्ही बोलायला लागलो की डोळे मिटायचे. परीक्षक सकाळपासून दमलेला असतो, त्याला जागं ठेवणं तुमचं काम, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते खरंच घोरायला लागले. आम्ही अर्धा तास रोबोटची महती गात होतो.

मोडायचं ते मोडलंच. रोबोटची बॅटरी सांभाळायचं काम अंथुर्ण्याच्या रूपालीचं, माझ्या जिवलग मैत्रिणीचं. एका दुपारी तिची यष्टी चुकली आणि तिला यायला उशीर झाला. मी घाईत बॅटरी जोडली, ती उलटी. धूर निघाला आणि मोटार चालवणारं कार्ड जळालं. सगळे धावत आले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बॅटरीतच काहीतरी झालं असेल." त्या दिवसापासून रूपालीला कुणी रोबोटला हात लावू दिला नाही. ती भिंतीला टेकून फाईल धरून उभी राहायची. आणि मी, जिचं अक्षर बरं, वहीत लिहिलं होतं : 'कार्ड जळाले. कारण, बहुधा बॅटरीतील दोष.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. "बहुधाला सही बसत न्हाय," एवढंच म्हणाले आणि वही परत दिली. पुढं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी रागावायला हवं होतं, मी सुटले असते.

बारामतीच्या मुलाखतीत परीक्षक बाई पानं उलटत होत्या. 'बहुधा'च्या पानावर थांबल्या. सगळीकडे सही आहे, इथंच का नाही? माझ्या शेजारी रूपालीनं घसा साफ केला आणि हळूच म्हणाली, "बॅटरीचं काम माझ्याकडं होतं." ती दोष घ्यायला निघाली होती. तिला तो खरंच आपलाच वाटत होता. मला ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, "न्हाय बाई. बॅटरी मी उलटी जोडली. रूपाली तिथं नव्हती." आणि पुढचं सगळं पाठांतर विसरून मी तिथंच रडले.

बक्षीस दुसऱ्या संघाला गेलं. माझ्या रडण्यामुळे की आमच्या सांडलेल्या चेंडूंमुळे, ते कुणी सांगितलं नाही. परतीच्या जीपमध्ये रूपाली खिडकीबाहेर बघत बसली होती. तात्या शाळेच्या फाटकाशीच उभे होते. "काय मोडलं?" मी सांगितलं. निकाल नाही, ते दुसरं. त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही उघडली. मी 'बहुधा'वर एक रेघ मारली आणि खाली खरं लिहिलं. आता सही करतील म्हणून मी वही पुढं केली, तर त्यांनी पेन रूपालीकडे दिलं. "आधी हिची. बॅटरी हिच्या ताब्यात व्हती."

रूपालीनं फार वेळ लावला. मग सही केली, आणि तिच्या सहीखाली तात्यांनी त्यांची.

तात्या गेले ते मला रूपालीनंच फोनवर कळवलं. मी आता पुण्यात एका कंपनीत यंत्रं तपासते, दिवसभर लोकांच्या नोंदींवर सह्या करते, आणि कितीतरी वेळा पेन खिशात ठेवते. त्या दिवशी आम्ही दोघी फोन धरून नुसत्या रडत होतो. मग नाक ओढत तिनं विचारलं, "तुझ्याकडं आज काय मोडलं?"

आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.