जाळ्यातला स्पंज

पडदा वर जातो. पनवेलचा मासळीबाजार, दुपार कललेली. बर्फाचं पाणी पायांखालून वाहतंय, डोक्यावरून नव्या विमानतळाचं विमान घरघरत जातंय आणि उजव्या अंगाला, उरलेल्या बांगड्यांवरच्या माश्या हाकलत गुणाबाई बसलीय. उभं आयुष्य रंगमंचावर गेल्यामुळे मला माणसं अशी उजेडात दिसतात. गुणाबाईला त्याचं कौतुक नाही. एकदा म्हणाली, "दादा, तुमी नाटकात मरायचा नि पडदा पडला का उठून भजी खायचा. तुमाला काय म्हाईत?"

ती उरणची कोळीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, विठूला, तिनंच वाढवलं. विठूनं मासळी आणायची, तिनं विकायची, असा त्यांचा संसार. मग विठूच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. वाढायला रक्त हवं म्हणून गाठ आपल्याकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती वाट अडवतात असं सांगितलं. गाठ थांबली खरी, पण गोळ्यांनी विठूचे तळहात सोलून निघाले. दोर धरवेना. जेवणाला चव लागेना. कालवणाचं ताट तो तसंच सरकवायचा आणि गुणाबाई ते उचलायची.

तिच्याकडे करंजाड्याहून प्रांजल नावाची मुलगी मासे घ्यायला यायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अशा गाठींवरच्या औषधासाठी संशोधन करणारी. तिला हवा होता स्पंज, समुद्रतळाच्या खडकाला चिकटून वाढणारा जीव. तो जाळ्यात अडकून येई आणि विठूनं तो जन्मभर शिव्या घालत फेकला होता. आता होडी विठूच्या मुलाकडे होती. तो स्पंज बाजूला ठेवायचा, गुणाबाई बर्फाच्या डब्यातून पोचवायची.

एकदा प्रांजलनं तिला आत बोलावलं. कोंबडीचं अंडं, आत पिल्लू धरलेलं, कवचाला छोटी खिडकी पाडलेली. आत रक्तवाहिन्यांच्या लाल रेषांचं दाट जाळं. दुसऱ्या अंड्यात स्पंजाच्या अर्काचा थेंब टाकला होता. तिथं रेषा अलीकडेच थांबलेल्या, मधे पांढरा ठिपका. ही नुसती सुरुवात आहे, माणसापर्यंत पोचेलच असं नाही, हे प्रांजलनं दोनदा सांगितलं. गुणाबाई मात्र तो ठिपका घेऊन घरी आली.

कोळ्यांच्या घरात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी मासा रांधतात. दर्यातलं गुणाचं ते भांड्यात जातं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं स्पंजाचा तुकडा हळद-कोकम घालून उकळला. विठूच्या गोळ्या बंद करून हेच द्यायचं, असं ठरवलं. पण त्या घराची एक रीत होती: अनोळखी मासळी आली की आधी थोरल्यानं चाखायची. थोरली तीच. तिनं वाटी तोंडाला लावली.

थोड्याच वेळात ओठ सुजले, घसा आवळला. दवाखान्यात नेताना विठू सोबत होता. खाटेशी तिची सलाईनची बाटली सोललेल्या हातांनी उंच धरून तो उभा राहिला, कुणी घ्यायला आलं तरी देईना. प्रांजल धावत आली, आधी रडली, मग रागावली.

"मावशी, ते औषध नाही, नुसता स्पंज आहे. त्यात विषही असतं. त्यातलं कामाचं तेवढं वेगळं काढायला माझी वर्षं चाललीत."

विठू हसला. "मी जल्मभर फेकलं, त्याचं हिनं कालवण केलं." आणि खिशातून आपली गोळी काढून त्यानं गुणाबाईच्या देखत गिळली.

त्या गोळ्यांनी त्याला आणखी एक नारळी पुनव दाखवली. किनाऱ्यावर खुर्ची टाकून त्यानं होड्या सुटताना पाहिल्या. पुढं गाठीनं दुसरी वाट शोधली, गोळ्या हरल्या, आणि दिवाळीनंतर विठू गेला.

गुणाबाईची जागा बरेच दिवस रिकामी राहिली. मग एका सकाळी ती दिसली, खांदे उतरलेले, हातात तोच बर्फाचा डबा. तिचे गुडघे धरलेले म्हणून कॉलेजचा जिना चढताना डबा मी घेतला. तिला दारात पाहून प्रांजल गोंधळली. मावशी, आता कशाला दगदग, असं काहीतरी पुटपुटली. गुणाबाई भिंतीला टेकून श्वास घेत राहिली. टेबलावरच्या अंड्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

"त्याच्यापायी नाय आनलं गो. जाल्यात आलं, फेकवलं नाय. डबा रिकामा कर, मना बाजाराला जायाचंय."