एकशे एक डबे

वाशीमच्या ज्या दालमिलमध्ये मी कारकुनी केली, तिथे कामगारांच्या म्हातारपणासाठी मिलचा स्वतःचा एक फंड होता. सरकारी फंड पगारातून कापला जायचा तो वेगळा. फंडाच्या नियमांत एक ओळ होती, की सभासद शंभर झाले की हिशेब बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यायचा. त्या एका ओळीपायी आमचे सभासद वर्षानुवर्षं नव्व्याण्णवच होते.

ही कारागिरी मुनीमजींची. हिशेब त्यांचा चोख, पण आपल्या वहीला परक्याचं बोट लागलेलं त्यांना सोसत नसे. “शंभरावा घेतला का अकोल्याहून कोणीतरी येते, अन् मले इचारते. काहून घ्या?” एक निवृत्त झाला की एक आत घ्यायचा, तोही मुनीमजींच्या मर्जीतला.

डाळ निवडणाऱ्या एक मावशी नऊ वर्षं या शंभराव्या जागेपाशी अडकल्या होत्या. नियमाप्रमाणे वर्षभराच्या नोकरीनंतर त्यांचं नाव लागायला हवं होतं. दर दिवाळीआधी त्या माझ्या टेबलाशी येत. “भाऊ, औंदा तरी लागते का माहं नाव?” मी म्हणे, “पाहू.” आणि त्या गेल्या की त्यांचा अर्ज मीच फायलीच्या तळाशी सरकवत असे. मला त्याची लाज वाटे. त्यांची नोकरी चारच वर्षं उरली होती, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

मग मिलच्या मालकांना, शेठजींना, नातू झाला. फंडातल्या प्रत्येकाला स्टीलचा डबा द्यायचं ठरलं. शेठजींनी किती लागतील म्हणून विचारलं तेव्हा मुनीमजी नेमके बँकेत गेले होते. मी म्हटलं, “शंभर धरा. पण शुभकार्याला शेवटी शून्य बरं नाही, वर एक घ्या.” शेठजी शकुनाचे पक्के. एकशे एक डबे आले, प्रत्येकावर नातवाचं नाव कोरून.

वाटपाच्या दिवशी सगळ्या सभासदांना डबे मिळाले आणि टेबलावर दोन उरले. शेठजींचा चेहरा उतरला. “नातवाच्या नावाचे डबे वापस करता का आता? कोण बाकी हाय?” मी खिशातून दोन अर्ज काढले, एक मावशींचा आणि एक असाच ताटकळलेल्या हमालाचा. शेठजींनी तिथल्या तिथे सह्या ठोकल्या. पुढचे दोन दिवस मी मुनीमजींच्या समोरून गेलोच नाही.

ऑडिटरबाई आल्या. तीन दिवस त्यांनी वह्या उलटसुलट केल्या. मुनीमजींचा पै न् पै हिशेब बरोबर निघाला. मावशींचा मागच्या नऊ वर्षांचा फंड भरून द्या, असं बाईंनी लिहून दिलं. मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो, तेवढ्यात त्यांनी मलाच बोलावलं.

त्यांच्यासमोर माझा फंडाचा अर्ज होता आणि शेजारी शाळेचा दाखला. अर्जात मी आईने सांगितलेली जन्मतारीख घातली होती. दाखल्यावर एक जून. आमच्या गुरुजींनी नाव घालताना अर्ध्या वर्गाला तीच तारीख दिली होती, आणि मला लवकर शाळेत बसवायचं म्हणून वर एक वर्ष वाढवलं होतं.

“दाखल्याप्रमाणे तुम्ही चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झालात,” बाई म्हणाल्या.

मुनीमजींनी वहीतून मान वर काढली नाही. “आणखी बोलवा ऑडिटर,” एवढंच म्हणाले.

शनिवारी मी टेबल आवरलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मावशी फाटकापर्यंत आल्या. “मले आत घेता घेता तुमीच बाहेर पडले, भाऊ,” म्हणत त्यांनी तो नातवाच्या नावाचा डबा माझ्या हातात दिला. आत भाकरी आणि ठेचा होता. “दिवाळीआंधी डबा वापस आणून द्या.”

“पाहू,” मी सवयीने म्हणालो.

“पाहू म्हणू नोका,” मावशी म्हणाल्या. “नऊ वर्सं ऐकलं म्या ते.”