ओडिरिलेने न मोजलेले दात

मऊन गावात कुणाच्या गाडीचा एक्सल कण्हायला लागला की लोक सरळ ओडिरिलेचं गॅरेज गाठत. तिथल्या वाळूत नि चिखलात टिकायचं तर टायर मोठे हवेत, आणि मोठे टायर चढवले की इंजिन धापा टाकतं. मग पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरेन्शियलमधले, म्हणजे इंजिनाची ओढ चाकांना वाटून देणाऱ्या पेट्यांतले, गिअर बदलावे लागतात. सव्वीस वर्षं हे काम ओडिरिलेच्याच हातचं. नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. याचा त्याला गर्व होता, आणि गावानंच तो लाडानं पोसला होता.

फिरत्या दवाखान्याची गाडी त्याच्याकडे आली ती अशाच कामाला. केनेइलवे ही तिथली नर्स. गाडी तीच चालवायची, दलदलीपलीकडच्या वस्त्यांवर लस घेऊन जायची. काम चालू असताना ती दारात उभी राहिली आणि रीतीप्रमाणे आदरानं 'रा' लावून तिनं विचारलं.

"रा ओडिरिले, दोन्हीकडचे गिअर सारखेच आहेत ना? खात्री केलीत?"

"मा, तुम्ही सुया मोजा," तोही रीतीचं 'मा' लावून हसत म्हणाला. "गिअरच्या दातांचं माझ्यावर सोडा."

गॅरेजातली सगळी हसली. गिअरच्या दोन्ही खोक्यांवर नंबर एकच होता, म्हणून त्यानं दात मोजले नाहीत. डांबरी रस्त्यावर चक्कर मारली, गाडी लोण्यासारखी पळाली. पळणारच, डांबरावर फक्त मागची चाकं ओढतात; पुढची जोडायची ती डांबर सोडल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात, दलदलीपलीकडे माबाबेच्या वाळलेल्या, टणक चिखलावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ओढ नेणारा दांडा, तुटला. त्याचा मागचा तुकडा गाडीखाली लोंबून गिअरपेटीवर आपटला, तेल सांडलं. केनेइलवे दोन दिवस तिथं अडकली. लसीच्या खोक्यांतला बर्फ वितळला, लस फेकून द्यावी लागली. गाडी ओढून आणली तेव्हा दवाखान्याच्या समितीची माणसं गॅरेजात जमली होती. गाडीखाली न वाकताच ओडिरिले बोलून गेला, "कडक जमिनीवर चारही चाकं जोडून दामटली असणार. बाईमाणसाच्या हाती असली गाडी दिली की असंच व्हायचं."

केनेइलवेनं गाडीतले रिकामे खोके उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी समितीनं तिच्याकडून किल्ली काढून घेतली.

नवा शाफ्ट बसवायला त्यानं गाडी घोड्यांवर, लोखंडी टेकूंवर, चढवली. एका बाजूचं चाक अडवून दुसऱ्यावर खडूनं खूण केली आणि ते दोन फेरे फिरवलं. पुढे शाफ्ट साडेचार फेऱ्यांच्या जरा वर थांबला. मागे जवळजवळ पाच. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मग डिफरेन्शियल उघडून त्यानं एकेक दात बोटानं मोजला. पुढे पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, नऊ, मागे आठ. एकाच जुवाला दोन चालींचे बैल त्यानंच जुंपले होते. चारही चाकं जोडल्यावर काहीतरी तुटणारच होतं.

आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यानं झाकण घाईघाईनं पुन्हा बसवलं. मागच्याशी जुळणारा पुढचा गिअरजोड गुपचूप मागवला, बदलला आणि गाडी परत केली. समितीनं आभार मानले.

त्यानंतर गाडी गॅरेजच्या दाराजवळून जायची. नवा ड्रायव्हर पुढे, केनेइलवे मागच्या बाकावर खोके सावरत. ती न चुकता मान लववून नमस्कार घालायची, "दुमेला, रा." तो पाना शोधायला म्हणून पाठ फिरवायचा. घरी त्याची बायको लोराटो म्हणाली, "शेळी खाऊन बसलेल्या कुत्र्यासारखा का वागतोयस?" त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली. "मला काय सांगतोस? ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोर सांग."

किल्ली काढून घेतल्यापासून सातव्या आठवड्यात तो क्गोत्लात, गावाच्या चावडीत, उभा राहिला. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"गाडी बाईंनी मोडली नाही. मी मोडली. चुकीचे गिअर मी बसवले. दात मोजले नाहीत."

कुजबुज झाली. मागून कुणीतरी खुसखुसलं, "सव्वीस वर्षांत आकडे विसरला वाटतं म्हातारा!"

केनेइलवे उठली. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

गावप्रमुखानं खुणावलं तेव्हा ओडिरिले म्हणाला, "गाडी ओढून आणली त्याच आठवड्यात."

"म्हणजे दीड महिना मी मागे बसत होते, आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो, मा."

चूक कबूल करायला तो तयारीनं आला होता; या प्रश्नाची तयारी त्याच्याजवळ नव्हती. चूक हाताची होती. हा दीड महिना मात्र त्याचा स्वतःचा, जाणूनबुजून घालवलेला होता.

किल्ली तिला त्याच दिवशी परत मिळाली. ओडिरिलेनं माफी मागितली. ती म्हणाली, "ऐकलं मी," आणि निघून गेली. गाडी ती आता फ्रान्सिसटाउनला नेऊन दुरुस्त करवते, पाचशे किलोमीटर लांब. ओडिरिलेचं गॅरेज चालू आहे. गिऱ्हाईक गिअर घेऊन आलं की तो त्यालाच समोर बसवतो आणि मोठ्यानं मोजायला लावतो. कुणी थट्टेनं विचारतं, "काय रा, दातांचे डॉक्टर झालात का?" तो हसत नाही. का मोजायचं ते सांगतो, आणि सांगताना केनेइलवेचं नाव घेतो, स्वतःचंही.