सासूबाईंच्या पिकअपला बोटीचं इंजिन

आमच्या सासूबाईंचा पिकअप पेट्रोल प्यायचा, आणि तेही एखाद्या दारुड्यासारखं. सकाळी टाकी भरावी आणि संध्याकाळी काटा खाली लोळलेला दिसावा. त्या चिडून म्हणायच्या, "चार मुलगे वाढवले मी, पण कुणी एवढं खाल्लं नाय."

लग्न होऊन मी वेसाव्याहून गोराईला आले तेव्हा हा पिकअप आधीपासून अंगणात उभा होता. परदेशी बनावटीचा, कुणा कारखानदाराकडून तिसऱ्या हाताने घेतलेला. रंग मूळचा हिरवा असावा. सासूबाई गावातल्या चार-पाच बायकांची मासळी गोळा करून त्यात भरायच्या आणि पगारी ड्रायव्हरला घेऊन उत्तन, भाईंदरवरून मोठा वळसा घालून बोरिवलीच्या बाजारात न्यायच्या. बाकीच्या बायका टोपल्या घेऊन खाडीच्या होडीने पलीकडे जायच्या. पण सासूबाईंना होडीवर टोपली ठेवायला भांडायचा कंटाळा आला होता. स्वतःची गाडी ही त्यांची मोठी हौस होती, आणि पेट्रोलने त्या हौसेचा जीव घेत आणला होता.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. ज्याला त्याला डिझेलचं वेड लागलं होतं. टॅक्सीवाले, जीपवाले, सगळे पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवत होते. पण इंजिन आणायचं कुठून? पिकअप विकून टाकावा असं घरात ठरत आलं होतं. गिऱ्हाईक येऊन दोनदा बघूनही गेलं.

त्याच सुमाराला माझ्या सासऱ्यांनी बोटीला नवं, मोठं इंजिन घ्यायचं ठरवलं. जुनं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन अजून धडधाकट होतं, फक्त त्यांना आता जास्त लांब, खोल पाण्यात जायचं होतं. जेवताना त्यांनी ते सांगितलं, आणि सासूबाईंचा हात भाताच्या ताटात तसाच थांबला.

"जुन्याचं काय करणार?"

"राहील शेडमध्ये. सुटे भाग कामाला येतील."

"मला द्या."

"तुला? काय पाटा-वरवंट्याला लावणार?"

"पिकअपला लावणार."

सासरे आधी हसले. मग त्या गंमत करत नाहीत हे बघून त्यांचा चेहरा उतरला. "पाण्याचं इंजिन आहे ते. दर्यावर पोसलं त्याने आम्हाला. चिखलात घालायला नाय देणार मी," म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. पुढे आठवडाभर नवरा-बायकोत मीठ-मसाल्यापुरतंच बोलणं चालू होतं. शेवटी एक दिवस सासरे कुणाकडेही न बघता म्हणाले, "काय करायचं ते करा. मला विचारू नका." सासूबाईंनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

ओहोटीला बोट वाळूत टेकली तेव्हा बोटीवरच्याच पोरगेल्या खलाशांनी इंजिन बाहेर काढलं. दोन जाड वाशांना दोरखंडाने बांधलं आणि आठ जणांनी खांद्यावर घेतलं. देवाची पालखी निघावी तसं ते आमच्या अंगणात आलं. वाटेत बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीने तर हळदकुंकूही लावलं. सासरे तेवढ्यापुरते घराच्या मागे जाऊन जाळं विणत बसले.

मेकॅनिक बोरिवलीचा होता, मूळचा मालवणकडचा. सुटीच्या दिवशी होडीने खाडी ओलांडून यायचा. हातात पान्यांची पिशवी, तोंडात तंबाखू. इंजिनाभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली, मग पिकअपभोवती घातली, आणि विचारलं, "काकी, तुमका गाडी व्हयी की होडी?"

"गाडी. पण होडीच्या ताकदीची."

"इंजिन बसात. पण हट्टान बसात."

त्याने ठोकून, खरवडून सांगितलं की हे इंजिन जन्माने ट्रकचंच. कुणीतरी ते बोटीसाठी फिरवून घेतलं होतं. हे ऐकून सासूबाईंना असा आनंद झाला, जणू सुनेच्या माहेरचं जुनं नातं निघालं. "बघा, ते परत घरी आलंय," असं त्या मागच्या अंगणात सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

पहिली अडचण मिठाची. बोटीवर इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी त्यातून खेळवत. आता पुढे रेडिएटर बसणार, त्यात गोडं पाणी, आणि आत वर्षानुवर्षांचं मीठ धरलेलं. मेकॅनिकने बजावलं, "मीठ गेल्याशिवाय मी पानो लावचंय नाय." मग रोज सकाळी मी विहिरीच्या कळश्या आणून इंजिनात पाणी ओतायची, संध्याकाळी खालची तोटी सोडायची. आधी तांबडं, गंजाचं पाणी आलं. मग पिवळं. सासूबाई प्रत्येक वेळी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायच्या, डोळे बारीक करायच्या आणि सांगायच्या, "अजून खारट आहे." कालवणाची चव घ्यावी तशी त्यांनी इंजिनाची चव घेतली. मी म्हटलं, "आई, पोटात गंज जाईल." त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, माझ्यापण अंगात थोडं लोखंड हवंय." एके दिवशी त्यांनी बोट चाटलं, पुन्हा चाटलं आणि मान डोलावली. त्या संध्याकाळी आमच्याकडे कोळंबीची खिचडी झाली.

दुसरी अडचण जोडणीची. इंजिनाच्या पाठीवरची भोकं एकीकडे आणि पिकअपच्या गिअरबॉक्सची दुसरीकडे. मध्ये एक जाड लोखंडी पट्टी हवी, जी दोघांना धरेल. माझा नवरा तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याने इंजिनाच्या पाठीवर वर्तमानपत्र पसरलं आणि ऑइलचा हात त्यावर फिरवला. भोकं कागदावर काळी गोल उमटली. तसाच दुसरा कागद गिअरबॉक्सचा. ते दोन्ही कागद घडी करून डब्याच्या पिशवीतून तो अंधेरीला घेऊन गेला. मालकाला विचारून, काम संपल्यावर मशीनवर बसून त्याने ती पट्टी कातली.

पहिली पट्टी बसली, पण बोल्ट आवळले की इंजिन फिरेना. केंद्र केसभर सरकलं होतं. नवऱ्याचा चेहरा पडला. मेकॅनिक म्हणाला, "पहिल्या पोळ्याक कोण हसता? तवो गरम व्हवचो लागता." दुसरी पट्टी मात्र अशी बसली की बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. मी बोल्ट देत होते. शेवटचा आत गेल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि लग्नाच्या फोटोतही तो तेवढा खूश दिसत नाही.

यानंतर कळलं की बॉनेट लागत नाही. इंजिन उंच होतं. मेकॅनिकने बॉनेटला चौकोनी खिडकी कापली, पण ती झाकायची कशाने? सासूबाई आत गेल्या आणि मासे धुवायची त्यांची जुनी अल्युमिनियमची परात घेऊन आल्या. ती पालथी घालून रिव्हेट मारले. गाडीच्या नाकावर टेंगूळ आलं. पुढच्या चाकांवर वजन वाढलं म्हणून स्प्रिंगच्या कमानीत एक-एक पाटा वाढवला. त्याने पिकअप नाक वर करून उभा राहिला, एखाद्या माणसाने नव्या सदऱ्यात ताठ उभं राहावं तसा.

चालू करायचा दिवस रविवार होता. अंगणात सगळं गाव. सासूबाईंनी नारळ फोडला. नवरा आत बसला, किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, कण्हला, आणि मग धाड! परसातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. काळा धूर, मग निळा, मग ते जुनं, ओळखीचं धुडधुड धुडधुड.

तो आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानातला होता. संध्याकाळी बोटी परतताना किनाऱ्यावर बसलेल्या बायका नुसत्या आवाजावरून सांगत, ही कुणाची बोट. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना काही कळलं नव्हतं. त्या रिकामी टोपली घेऊन समुद्राकडे धावत सुटल्या. अर्ध्या वाटेत थांबल्या, वळल्या, आणि आवाज जमिनीवरून येतोय हे बघून टोपली खाली टाकून हसत बसल्या.

नवऱ्याने किल्ली बंद केली. इंजिन चालूच. त्याने किल्ली काढून हातात घेतली. तरी चालूच. डिझेलचं इंजिन किल्लीने बंद होत नाही, त्याच्या पंपाला तार जोडून ती ओढावी लागते. मेकॅनिकला ते चांगलं ठाऊक होतं, पण आजच्या गडबडीत ती तार तो बोरिवलीला विसरला होता. सासूबाई कानावर हात ठेवून ओरडत होत्या, "अरे बंद कर! बंद कर रे!" नवरा किल्ली उंच धरून दाखवत होता. पोरं टाळ्या पिटत होती. मेकॅनिक पंपाशी हात घालायला पुढे झाला.

तेवढ्यात मागून सासरे आले. हातात जाळ्याची सुई तशीच. गर्दी बाजूला झाली. ते बॉनेटजवळ गेले, आणि मेकॅनिकचा हात त्यांनी हळूच मागे केला.

"कशाला बंद करताय? राहू दे जरा चालू."

त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला. गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. कान लावून ऐकलं. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरला पूर्वीपासून खोकला आहे. त्याला सकाळी दोन मिनिटं उबेला ठेवायचं. लगेच पळवायचं नाय."

"नाय पळवणार," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

मग सासऱ्यांनी स्वतःच एका बोटाने पंपाचा खटका दाबला. अचानक इतकी शांतता झाली की समुद्र ऐकू आला.

आमचा पगारी ड्रायव्हर मात्र दुसऱ्या दिवशी गाडीत बसला, उत्तनपर्यंत गेला आणि परत आला. आरसा इतका थरथरतोय की मागची एक गाडी तीन दिसते, म्हणाला. "मावशी, मी गाडी चालवतो, बोट नाय." निघून गेला. नवऱ्याची नोकरी. दीर सगळे दर्यावर. सासूबाई ओट्यावर बसून मशेरी लावत विचार करत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू शीक."

"मी?"

"तूच. रोज पाणी कुणी ओतलं त्याच्यात? ओळखतंय ते तुला."

मला हसू आलं, भीतीही वाटली. आमच्या गावात तोवर बाईने मोटार चालवलेली कुणी पाहिली नव्हती. पण मेकॅनिकनेच मला शिकवलं, गोराईच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत. तिथे धडकायला काही नव्हतं. क्लच इतका जड की मी सीटवरून अर्धी उठायची. सासरे लांब उभे राहून बघायचे आणि मध्येच ओरडायचे, "सुकाणू सरळ धर!" स्टिअरिंगला ते शेवटपर्यंत सुकाणूच म्हणायचे.

लायसन्स मिळालं. मग इंजिन बदलल्याची नोंद करायला पिकअप अंधेरीच्या आर.टी.ओ.त न्यावा लागला. तिथल्या साहेबांनी परात बघितली, ठोकून बघितली, मग इंजिनावरचा नंबर शोधू लागले. दरवर्षी नारळी पौर्णिमेला सासरे इंजिनाला रंग देत, त्यामुळे नंबर रंगाच्या थरांखाली गाडला गेला होता. नवऱ्याने खरवडून काढला. साहेबांनी विचारलं, "इंजिन आलं कुठून?"

सासूबाई म्हणाल्या, "समुद्रातून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बोटीची पावती आम्ही दाखवलीच, पण आधी त्यांना सगळी गोष्ट ऐकायची होती. सासूबाईंनी खारट पाण्यापासून सांगितली. शेजारच्या टेबलांवरचे कारकूनही उठून आले. शिक्का मारताना साहेब म्हणाले, "मावशी, पाण्यात नेऊ नका आता."

मी मासळी घेऊन पहिल्यांदा बोरिवलीला निघाले ती सकाळ माझ्या अजून अंगात आहे. शेजारी सासूबाई, नवं लुगडं, केसात अबोली. इंजिनाच्या हादऱ्याने त्यांच्या बांगड्या सतत वाजत होत्या आणि आम्ही एकमेकींशी ओरडून बोलत होतो. वेग नावालाच. भाईंदरला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. पण चढावर गाडी कुरकुरली नाही, आणि बाजारात पोचलो तेव्हा काटा जेमतेम हलला होता. सासूबाई तो काटा बघायला पुन्हा पुन्हा वाकत होत्या.

मासळी लवकर संपली. टोपल्या धुऊन आत टाकल्या. मी परतीच्या रस्त्याला वळणार तोच त्या म्हणाल्या, "थांब. कांदिवलीला घे."

"तिथे कोण गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक नाय गं. माझी बहीण आहे."

बारा महिन्यांत त्या एकदा बहिणीला भेटत, तेही लग्नात नाहीतर मयताला. पेट्रोल जाळून नुसतं भेटायला कोण जाणार? मावशींच्या चाळीसमोर मी गाडी लावली तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. मावशी हातातलं लाटणं घेऊनच खाली धावल्या. "काय गो, काय झालं? कोण गेलं?"

"कोण नाय गेलं. मी आलेय."

मावशींनी बहिणीकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्या हातातल्या स्टिअरिंगकडे. चहा घ्यायला वर बोलवायचं त्या विसरल्याच. पदराला पीठ पुसलं, दार उघडलं आणि बहिणीला ढकलून आत बसल्या.

"चल, मला पण फिरव."

"कुठे जायचं मावशी?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तुझी गाडी."

मी इंजिन उबेला येऊ दिलं आणि मग गिअर टाकला. दोघी बहिणी बाजूला दाटीवाटीने बसून लहानपणच्या कुठल्यातरी शेजारणीची नक्कल करत खिदळत होत्या, आणि मी कांदिवलीच्या ओळख नसलेल्या गल्ल्यांतून, मिळेल त्या वळणाला वळत होते.