सत्त्याहत्तर–शून्य

क्लेटला आता कुणाची कीव येते की नाही, हे मला सांगता येत नाही. कालपासून हा एकच प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. माझा मुलगा अडतीस वर्षांचा आहे, आमच्या गावच्या छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा कोच आहे, आणि तो आधी असा नव्हता.

तो अकरा वर्षांचा असताना माझा नवरा मिलो धान्याच्या कोठारात गुदमरून गेला. त्याच वर्षी शाळेचे कोच हार्लन ब्रूगेमन यांनी क्लेटला संघात घेतलं. मी तिथेच गणित शिकवत होते. सराव संपला की हार्लन त्याला आपल्या पिकअपमधून घरी सोडत आणि दारात विचारत, "आज त्या पोराला पाडलंस, छान केलंस. हात देऊन उठवलंस का?" क्लेट नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी मैदानाला दहा फेऱ्या. वर्षभरात विचारावं लागेनासं झालं. स्वतः कोच झाल्यावरही तो तसाच राहिला. एकवीस गुणांची आघाडी झाली की पहिल्या फळीची मुलं बाहेर, राखीव आत. शेवटी आणखी गुण न करता चेंडू घेऊन गुडघा टेकायचा आणि घड्याळ संपू द्यायचं. हरलेल्या मुलांच्या आया मला दुकानात थांबवून सांगायच्या, तुमचा मुलगा सभ्य आहे.

गेल्या वर्षी त्याने नऊ सामने जिंकले, एक हरला. बाद फेरीत सोळा संघ जातात. आम्ही सतरावे आलो. आमच्या वरचे दोन संघ तर दोन-दोन सामने हरलेले होते. क्रमवारी एका सूत्राने ठरते आणि लीगचं कार्यालय ते सूत्र कुणाला दाखवत नाही. दर रविवारी फक्त यादी लागते, प्रत्येक संघापुढे त्याचा आकडा. क्लेटने मुलांना जिममध्ये बसवून ती वाचून दाखवली. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, "कोच, आपण सगळ्यांना सोडलं. आपल्याला कुणी सोडलं?" कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी तर सरळच सांगितलं, पुढच्या वर्षी बाद फेरी नसेल तर नवा कोच.

नाताळच्या आठवड्यात तो माझ्याकडे जेवायला आला. मी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले होते. तो ताटाकडे बघत बसला. मी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. वरच्या वीस संघांनी किती फरकाने सामने जिंकले, त्याची सरासरी काढली होती. सरासरी जेवढी मोठी, तेवढा संघ वर.

"तुझा चांगुलपणा तुला नडला," मी म्हटलं. "ते फरक मोजतात."

"किती लागतो?"

"जितका जास्त, तितका बरा."

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मग दोन रोल खाल्ले. मला बरं वाटलं.

काल सामना हार्लनच्या संघाशी होता. ते आता बहात्तर वर्षांचे आहेत. शेजारच्या काउंटीतल्या कॉलेजात चौतीस मुलं घेऊन शिकवतात, त्यातली नऊ आधीच जायबंदी. मध्यंतरालाच बेचाळीस–शून्य झालं होतं. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा त्रेसष्ट, आणि आमच्या पहिल्या फळीतला एकही मुलगा बाहेर आला नव्हता.

दोन्ही कोच आणि पंच कबूल असतील तर उरलेला वेळ कमी करता येतो. पण तसं कुणी मागत नाही. हार्लन टोपी हातात घेऊन मैदान ओलांडून आले. मी पहिल्या रांगेत होते, सगळं ऐकू आलं.

"क्लेट, चौथा क्वार्टर पाच मिनिटांचा करू या. माझ्याकडे उभी राहतील अशी पोरं उरली नाहीत."

"आम्ही पंधरा मिनिटं खेळायला आलोय, कोच."

"मी कधी मागत नाही, तुला माहितीये."

"मग आजच कशाला सवय लावून घेताय? बसमध्ये हीटर लावून बसवा त्यांना. आम्ही रिकाम्या मैदानावरही गुण करू."

आमची मुलं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, रस्ता चुकलात का?" त्यावर क्लेटही हसला. हार्लननी टोपी डोक्यावर घातली. "ठीक आहे, कोच," ते म्हणाले. क्लेटला ते आजवर पोरा म्हणत आले होते.

सत्तर झाले, अडीच मिनिटं उरली, आणि क्लेटने पुन्हा लांबचा पास टाकायला सांगितला. हार्लनचा ब्रॉडी नावाचा मुलगा, एरवी फक्त किक मारणारा, माणसं संपली म्हणून बचावाला उभा होता. आमच्या दोन खेळाडूंच्या खाली त्याचा पाय सापडला. नडगीचं हाड मोज्यातून बाहेर आलं. टचडाउन झाला होता, सहा गुण. पाय दिसेपर्यंत मी टाळ्या वाजवत होते. त्याला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा क्लेट जादा एका गुणाच्या किकसाठी आमच्या किकरला पुढे ढकलत होता, कारण शहात्तरपेक्षा सत्त्याहत्तर जास्त.

आज यादी लागली. आम्ही सोळाव्यावरून चौदाव्यावर. क्लेटने तिचा फोटो पाठवून खाली लिहिलं, "आई, तुझं गणित बरोबर." मागोमाग फोन केला. "शेवटच्या सामन्यात नव्वद बघू," म्हणाला. ब्रॉडीबद्दल मी विचारलं, तर म्हणाला, "खेळात होतं असं."

मला मात्र यादीतला आकडा खटकला. आमच्या खालच्या एका संघाने तितक्याच दुबळ्या संघाला अठ्ठावीस–तीन असं हरवलं होतं, आणि त्यांचा आकडा अगदी आमच्याइतकाच वाढला होता. मी या हंगामातले सगळे सामने काढले. या वेळी सरासरी काढली नाही, एकेक सामना तपासला. फरक मोजतात, पण चोवीसपर्यंतच. त्यापुढे आकडा हलत नाही. मोठ्या फरकाने जिंकणारे संघ चोवीसची रेघ जास्त वेळा ओलांडतात, म्हणून वर जातात. माझ्या सरासरीत हे झाकलं गेलं होतं. या चुकीसाठी एकतीस वर्षं मी मुलांचे गुण कापत आले.

म्हणजे क्लेटला हवं ते सगळं मध्यंतरालाच मिळालं होतं. पुढच्या पस्तीस गुणांचा काही उपयोग नव्हता. आणि गेल्या वर्षी तो एकवीसवर थांबायचा, तिथे आणखी एकच टचडाउन पुरला असता.

मी सांगितलं नाही, तर त्याला कधीच कळणार नाही. तो बाद फेरीत जाईल, नोकरी राहील, आणि हार्लनचा विषय निघाला की नाइलाज होता म्हणेल. सांगितलं, तर त्याच्यापाशी तेवढंही उरणार नाही. मग तो माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. पण येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्या संघात एकोणतीस मुलं आहेत.

सकाळी सहाला तो सरावाला निघतो, मुलांना नव्वदचा बेत सांगायला. त्याआधी, साडेपाचला, मी त्याला फोन करणार आहे.