भिंत वाळेपर्यंत

रंगारी थापा मारण्यात वस्ताद, पण एका बाबतीत तो आयुष्यात कधी खोटं बोलला नाही: भिंत ओली की कोरडी. लहान मुलाचा ताप बघावा तसा हाताच्या पाठीने तो भिंतीला हळूच शिवायचा. गार लागली की डबा बंद. घरमालक पाय आपटो, घरात लग्न असो, याचं एकच: "वाळू द्या साहेब, नाहीतर पोपडे माझ्या नावाने निघतील." बायकोला मागणी घालायलाही तो म्हणे असाच वाळायची वाट बघत बसला होता. शेवटी तीच कंटाळून विचारायला आली. खरंखोटं तिलाच ठाऊक, आणि ती आता नाही.

काम सुटलं, बायको गेली, तेव्हा त्याला उरली ताई. त्याची थोरली बहीण. हा मुलाकडे चढाच्या पायथ्याशी, ती तिच्या मुलाकडे पायऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला. खुबा मोडल्यापासून ताई खाली उतरत नव्हती, म्हणून रोज दुपारी टोपी घालून हा वर चढायचा. पत्ते खेळायचे, हरायचं, ताईवर लबाडीचा आळ घ्यायचा आणि उतरायचं. आळ खरा होता. ताई एक्का मांडीखाली दडवायची. त्याला हे माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

थंडी आली. धुक्याने पायऱ्या निसरड्या झाल्या. रंगारी दारापर्यंत गेला, कुंपणाच्या भिंतीला हाताची पाठ लावली आणि परत फिरला. "ओल आहे. आज नको."

"मग घरात तरी फिरा बाबा," सून म्हणाली. "बसून बसून गुडघे धरतील."

"घरात फिरायला मी काय मांजर आहे?"

"मांजर निदान फिरतं तरी!"

ताईचा फोन आला. "का रे, आला नाहीस?"

"हवा दमट आहे ताई. जरा कोरडी होऊ दे."

"मेल्या, तू माणूस आहेस की भिंत? भिंत वाळते. माणूस आखडतो."

तो पोट धरून हसला आणि खुर्चीत जाऊन बसला.

थंडी सरली तर ऊन तापलं. तापल्या भिंतीवर रंग तडकतो, हेही त्याला ठाऊक. मग पावसाने मुक्काम ठोकला. हवेला नावं ठेवायला त्याला रोज काहीतरी सापडायचंच. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, एवढाच त्याचा फेरफटका. पायजम्यात पोटऱ्या उरल्यात की नाही, हे शिंपीच सांगू शकला असता. खाटेखालच्या चपलांवर कोळ्याने संसार थाटला. फोनवर ताईचा आवाज मात्र बारीक होत चालला. शिव्याही पूर्वीसारख्या लागेनात.

एका संध्याकाळी भाचा कामावरून परस्पर आला. "मामा, आई आता जेवत नाही फारशी. सारखी तुझंच विचारते. खुर्चीत बस, आम्ही दोघं भाऊ उचलून नेतो."

"मला? सामानासारखं?" रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चार दिवस हवा कोरडी होऊ दे. माझ्या पायांनी येतो."

आणि झालीही कोरडी. लख्ख ऊन, अंगाला गोड लागणारा वारा. रंगाऱ्याने भिंतीला हाताची पाठ लावली. खडखडीत! दाढी केली, चपला झटकल्या, टोपी घातली, पत्त्यांचा जोड खिशात टाकला आणि निघाला.

गल्लीच्या वळणापर्यंत पोहोचला. तिथे पाय थांबले. दुखलं वगैरे काही नाही. पाऊल उचलायला गेला आणि ते उचललं गेलं नाही. वळणावरच्या इस्त्रीवाल्याने धावत येऊन त्याला आपल्या स्टुलावर टेकवलं.

"काका, घरी कळवू?"

"तू इस्त्री कर."

तिथून ताईची खिडकी दिसत होती. तिची निळी चौकट त्यानेच रंगवलेली, दोन हात देऊन. त्याने फोन लावला. "ताई, खिडकीतून बघ. वळणावर आलोय."

खाट खिडकीलाच लागून होती. बऱ्याच वेळाने निळ्या चौकटीत एक पांढरं डोकं दिसलं.

"दिसलास रे!" ताई केवढ्यांदा ओरडली. "बारीक झालास मेल्या, पण उभा कसा ताठ आहेस! हात हलव की!"

रंगाऱ्याने वळून पाहिलं. शेजारच्या दोरीवर हँगरला एक पांढरा सदरा लटकत होता. वाऱ्याने त्याची बाही वर उचलली.

"हलवलास!" ताई हसली. "ये आता वर. पत्ते वाटून ठेवते."

"येतो ताई. जरा दम घेतो."

"घे. मी आहे इथेच."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. इस्त्रीवाल्याने सदरा काढायला हात वर केला. रंगाऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे रे थोडा वेळ," तो म्हणाला. "ती बघतेय."