राखडीची फिल्म

हर्षा खोब्रागडे बाईंचं गावात कोणाशी पटलं नाही, आणि बाईंना त्याची फिकीरही नव्हती. मूल तालुक्यातल्या त्या शाळेत त्यांनी सातवीचं पाठांतर बंद केलं आणि पोरांच्या हाती मोबाइल दिला. धडा शिकायचा तर त्याची फिल्म करा, म्हणे. शूटिंग तुमचं, आवाज तुमचा, नको ते कापा, हवं ते जोडा. कापण्या-जोडण्यात तर सातवीतल्या रंजीताचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकीचे मास्तर नाकं मुरडायचे. मुरडेनात का!

प्रदूषणाचा धडा आला, तशी पोरं थेट गुरनुलेच्या राइस मिलवर गेली. धुराड्यातून उडणारी राखड, काळा पडलेला नाला, खोकून बेजार झालेली म्हातारी, सगळं टिपलं. आणि हा गुरनुले शाळा समितीचा अध्यक्ष! कुणकुण लागताच तो वर्गात येऊन थडकला.

"बाई, पोरायले शिकवून राह्यल्या का गावाची बदनामी करून राह्यल्या?"

"राखड तुमची भाऊ, मंग बदनामी माही कशी? सव्वीस जानेवारीले साऱ्या गावाले दाखवीन."

"दाखवा न! पडदा मीच लावून देतो."

तो हसला, तेव्हाच बाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्या आधीच जिंकून बसल्या होत्या.

सव्वीसला पडद्यावर आली लखलखीत मिल. तांदळाची रास, हसणारी पोरं, आणि वरून पोरांनी वर्गात टिपलेला बाईंचाच आवाज, "ही मिल नसती तर गावाचं पोट कसं भरलं असतं?" त्याच्या पुढे बाई म्हणाल्या होत्या, "असं म्हणूनच तुमची तोंडं बंद करतात." ते गायब! नाला गायब, म्हातारी गायब. गावाने टाळ्या ठोकल्या. गुरनुलेने बाईंना शाल-श्रीफळ दिलं आणि कानाशी पुटपुटला, "लय मस्त शिकवता, बाई."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी रंजीताला शाळेमागे गाठलं.

"काऊन केलं हे? लाज नाई वाटली तुले?"

"फिल्म बदलव म्हणे, नाईतर तुह्या बाबाले मिलमधून काढतो."

"मंग मले सांगाचं होतं! मी भांडली असती त्याच्याशी!"

बाईंनी हात उगारला. पोरगी हलली नाही, उलट तडकली.

"तुमी भांडान बाई. लय झालं त बदली होईन, दुसरी शाळा भेटन. माह्या बाबाले दुसरी मिल कोण देईन?"

बाईंचा हात खाली आला. गुरनुलेची शाल खांद्यावरच होती, ती काढून फेकायचंही त्यांना सुचलं नाही.